भाच्याचा राहिलेला विषय

आमच्या थोरल्या अक्काचा फोन सहसा येत नाही. आला तर समजावे, काहीतरी बिनसले आहे. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला. “पोरगं सुट्टीला बी घरी येईना. फोन केला तर नुसतं हूं हूं करतंय. तू एकदा जाऊन बघ बाबा.”

पोरगं म्हणजे आमचा भाचा. अक्का तासगाव बाजूच्या एका खेड्यात अंगणवाडीत मदतनीस आहे. भाचा दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकला, मग तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला आणि सांगली बाजूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेला लागला. आमच्या घराण्यात इंजिनिअर होणारा तो पहिलाच. त्यामुळे त्याच्या प्रत्येक परीक्षेला सगळ्या घराचा जीव टांगणीला लागलेला असतो.

रविवारी साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली आणि कराड, पेठ नाका, आष्टा करीत सांगली गाठली. भाच्याला घेऊन आम्ही कृष्णेच्या काठी आयर्विन पुलाजवळ जाऊन बसलो. भडंगाचा पुडा मध्ये ठेवला. बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मामा, एक विषय राहिला. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. अक्काला सांगू नका. मला ह्यातलं काय बी कळंना. मी सोडतो हे सगळं. शिरवळला कंपनीत पोरं घेत्यात, तिकडं जातो.”

राहिलेला विषय पुन्हा देता येतो, हे त्यालाही ठाऊक होते. बाकीचे सगळे विषय सुटले होते. पण त्याच्या बोलण्यातली खरी गोष्ट वेगळीच होती. “विषय अवघड आहे” असे तो म्हणत नव्हता. “आपण ह्यातले नव्हंच” असे तो म्हणत होता. हे वाक्य आम्ही आमच्या लोकांच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आलो आहोत. म्हणून आम्ही म्हणालो, “सोडायचं का नाही ते पुढं बघू. आधी ती वही दाखव.”

आम्ही बी. कॉम. झालेले साधे कारकून. कॉम्प्युटरवर पत्र टाइप करणे आणि तक्ते भरणे यापलीकडे आमची मजल नाही. वहीचे पहिले पान उघडले तर वर लिहिले होते की ऑटोमॅटा म्हणजे पाच गोष्टींचा संच: अवस्थांचा संच, अक्षरांचा संच, एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा नियम, सुरुवातीची अवस्था आणि स्वीकाराच्या अवस्था. हे सगळे ग्रीक अक्षरांत आणि इंग्रजीत. यंत्र कशाचे, ते करते काय, याचा पत्ता नाही. लग्नाला गेल्यावर नवरा-नवरी दाखवण्याआधी मांडवाच्या बांबूंची यादी हातात द्यावी, तसा हा प्रकार.

पुढच्या पानावर ‘फॉर्मल लँग्वेज’ असा मथळा होता. “याचा अर्थ काय रे?” आम्ही विचारले. तो म्हणाला, “फॉर्मल म्हंजे शिष्टाचाराची. शुद्ध भाषा. आपली न्हाय ती.” वर्गात ‘न्हाय’ म्हटल्यावर एकदा मुले हसली होती म्हणे. तेव्हापासून याने प्रश्न विचारणेच बंद केले होते. एका शब्दाचा अर्थ चुकीचा धरल्यामुळे सगळा विषयच परका झाला होता.

त्याच वहीत खाली व्याख्या नीट दिलेली होती. आम्ही ती त्याच्याकडूनच मराठीत वदवून घेतली. आधी ठरावीक अक्षरे घ्यायची, ती अगदी दोनच असली तरी चालतील. त्यांच्या माळा करायच्या. त्यांतल्या कोणत्या माळा चालतील आणि कोणत्या नाहीत, हे ठरवायचे. चालणाऱ्या माळांचा जो संच, त्याला म्हणायचे भाषा. संपले. यात शुद्ध-अशुद्ध नाही, वरची-खालची नाही. आमच्या मते हिला मराठीत ‘नियमाची भाषा’ म्हणावे. आणि एखादी माळ त्या भाषेत बसते की नाही हे तपासणारे यंत्र म्हणजे ऑटोमॅटा. नियमात ‘न्हाय’ ही माळ लिहिली असेल तर यंत्र ती बिनतक्रार स्वीकारते. भाचा प्रथमच जरा हसला.

पण व्याख्या पाठ झाल्याने विषय समजत नाही. परतीच्या एसटीत आम्ही विचार करीत होतो आणि एकदम आम्हांला आमचेच टेबल आठवले.

हिशेब लिहिणाऱ्यांना एक जुनी खूण माहीत असते. ट्रायल बॅलन्स जुळत नसेल तर आधी फरक काढावा. त्या फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५,७२० च्या जागी ५,२७० लिहिले तर फरक ४५०, आणि ४५० ला नऊने पूर्ण भाग जातो. भाग जातो का हे पाहायला आम्ही भागाकार करीत बसत नाही. डावीकडून एकेक आकडा मिळवत जातो आणि नऊ झाले की सोडून देतो. ५,४८१ घ्या. पाच. पाच आणि चार नऊ, सोडले, शून्य. आठ. आठ आणि एक नऊ, शून्य. शेवटी शून्य उरले म्हणजे भाग गेला.

आता यात आम्ही डोक्यात काय ठेवले? संख्या नाही ठेवली. फक्त शून्य ते आठ यांपैकी एक बाकी ठेवली. संख्या चार आकडी असो की चाळीस आकडी, आमच्या डोक्याला नऊच खोल्या पुरतात. नवा आकडा आला की या खोलीतून त्या खोलीत जायचे. शेवटी शून्याच्या खोलीत असलो तर ‘होय’, नाहीतर ‘नाही’. म्हणजे अक्षरे दहा, अवस्था नऊ, जाण्याचा नियम ठरलेला, सुरुवात शून्यावर आणि स्वीकारही शून्यावर. वहीतल्या पाचही गोष्टी हजर! वीस वर्षे आम्ही नऊ अवस्थांचे यंत्र होऊन बसलो होतो आणि आम्हांला त्याची कल्पना नव्हती. रात्री घरी पोचताच भाच्याला फोन करून हे सांगितले. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, “मामा, हे असं कुणी सांगितलंच न्हाय.”

आम्ही त्याच्या शिक्षकांना दोष देत नाही. मोठा वर्ग, लांबलचक अभ्यासक्रम, पुढे परीक्षा. पण ज्या मुलाच्या घरात या विषयाचा एक शब्दही कोणी उच्चारलेला नाही, त्याला पहिल्या दिवशी पाच चिन्हे देण्याआधी एक ओळखीची वस्तू द्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

साताऱ्यात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात रविवारी अभ्यासिका चालते. दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतची मुलेमुली येतात. पुढच्या रविवारी भाच्याला तिथे बोलावून घेतले आणि सांगितले, “तू आम्हांला शिकव. आम्हांला काही येत नाही असं धरून चाल.” तो बिचकला. मग खडूने फरशीवर वर्तुळे काढली. वर्तुळ म्हणजे अवस्था, बाण म्हणजे नियम. एक मूल वर्तुळात उभे राहायचे आणि आम्ही एकेक अक्षर वाचले की बाणाप्रमाणे पुढे जायचे.

पहिला खेळ पॅन कार्डाचा. पॅन नंबरात आधी पाच अक्षरे, मग चार अंक, मग एक अक्षर, अशी दहा चिन्हे असतात. त्यासाठी सुरुवातीचे धरून अकरा वर्तुळे लागली. चूक झाली की जायला कोपऱ्यात एक बारावे वर्तुळ काढले. त्यात गेले की कोणतेही अक्षर येवो, बाण फिरून त्याच वर्तुळात येतो. बाहेर वाट नाही. संगणकावर अर्ज भरताना “नंबर चुकीचा आहे” असे लाल अक्षरांत येते, त्यामागे असेच यंत्र असते. मुलांना एक गोष्ट मात्र आम्ही बजावून सांगितली. हे यंत्र फक्त नंबराची ठेवण तपासते. त्या नंबराचा माणूस खरा आहे की खोटा, हे त्याला कळत नाही.

त्या बाराव्या वर्तुळाकडे बघत भाचा हळूच म्हणाला, “मामा, मी ह्याच वर्तुळात हाय.” मुले हसली. आम्हांला हसू आले नाही. त्या दिवशी आमच्याकडे उत्तरही नव्हते.

उत्तर त्यानंतरच्या रविवारी मिळाले, आणि ते त्याच्याच वहीत होते. जिथे त्याचा पेपर अडला होता तो प्रश्न आम्ही कचेरीच्या भाषेत मांडला. समजा, दिवसभरात आधी काही फायली आवक झाल्या आणि नंतर काही जावक झाल्या. जितक्या आल्या तितक्याच गेल्या का, हे यंत्राला सांगायचे आहे. वर्तुळांचे यंत्र हे करील का?

मुले म्हणाली, करील की, मोजायचे फक्त. आम्ही नऊ वर्तुळे काढली. आता आलेल्या फायली एक असतील, दोन असतील, दहाही असतील. या दहा शक्यता आणि वर्तुळे नऊ. नऊ सीटांवर दहा प्रवासी बसवायचे म्हटले तर एका सीटवर दोघांना बसावेच लागणार. समजा, चार फायली आल्यावर यंत्र ज्या वर्तुळात उभे असते, सात आल्यावरही त्याच वर्तुळात उभे असते. आता चार फायली जावक करा. पहिल्या वेळी यंत्राने ‘जुळले’ म्हटले पाहिजे. पण दुसऱ्या वेळीही ते ‘जुळले’च म्हणणार, कारण त्याच वर्तुळातून, त्याच बाणांनी, ते त्याच जागी पोचते. सात आल्या, चार गेल्या, तीन फायली गहाळ आणि हिशेब मात्र बरोबर! वर्तुळे नऊच्या जागी नऊशे केली तरी जास्त फायली येताच हाच घोटाळा होणार. म्हणून असे यंत्र हे काम कधीच करू शकत नाही. हे नुसते मत नाही, ही सिद्धता आहे.

मग भाच्याने पुढचे पान उलटले. त्याच यंत्राला फायलींची एक चळत द्यायची. फाइल आली की चळतीवर ठेवायची, गेली की वरची उचलायची. शेवटी टेबल रिकामे झाले तर जुळले. फाइल उचलायच्या वेळी टेबल आधीच रिकामे असेल, किंवा शेवटी फायली उरल्या असतील, तर जुळले नाही. बस्स. जे नऊशे वर्तुळांना जमले नाही ते एका चळतीने जमले. इंग्रजीत या चळतीला स्टॅक म्हणतात. प्रोग्रॅम लिहिताना एखादा कंस उघडून बंद करायचा राहिला की संगणक चूक दाखवतो, तो अशा चळतीच्याच जोरावर.

इथे आम्ही खडू खाली ठेवला आणि भाच्याला विचारले, “पहिलं यंत्र ढ होतं का रे?” तो म्हणाला, “न्हाय. त्याला लक्षात ठेवायला जागाच दिली नव्हती.”

आम्हांला हेच हवे होते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या या मुलाचे पहिल्या वर्षाचे गणित हुकले होते. संच म्हणजे काय, सिद्धता कशी लिहायची, हे त्याला कोणी हातात दिलेच नव्हते. घरी विचारायला कोणी नाही, वर्गात विचारायची लाज. त्याला चळत मिळाली नव्हती आणि तो मात्र स्वतःला नापास यंत्र समजून बसला होता.

या शास्त्राचा इतिहास वाचला तर तोही हेच सांगतो. १९३६ साली इंग्लंडच्या ॲलन टुरिंग यांनी गणन करणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हा शब्द माणसाला लावीत. आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. टुरिंग यांनी नजरेसमोर ठेवला होता तो कागद-पेन्सिल घेऊन, ठरावीक नियमांनी हिशेब करणारा माणूस. म्हणजे जवळजवळ आमच्यासारखा कारकूनच! फरक इतकाच की त्याचा कागद कधी संपत नाही. त्या न संपणाऱ्या कागदामुळे ते यंत्र वर्तुळांच्या आणि चळतीच्या यंत्रांपेक्षा बलवान ठरते. आवक, टिपणी आणि जावक या तिन्हींची संख्या एकापाठोपाठ जुळवायची म्हटली तर एक चळत पुरत नाही, पण हा कागद पुरतो. आणि काही प्रश्न या यंत्रालाही सुटणार नाहीत, हेही टुरिंग यांनी त्याच लेखात दाखवून दिले. पुढे १९५६ साली नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या नियमांच्या पायऱ्या मांडल्या. १९५९ साली रॅबिन आणि स्कॉट यांनी दाखवले की एका अक्षराला एका वर्तुळातून अनेक बाण निघण्याची मोकळीक दिली, तरी वर्तुळांच्या यंत्राची ताकद वाढत नाही. हेही आम्ही फरशीवर करून पाहिले. दोन बाण निघाले की दोन मुले निघाली, आणि कोणकोणती वर्तुळे भरली आहेत हीच एक नवी अवस्था धरली. तीन वर्तुळांच्या अशा अवस्था जास्तीत जास्त आठ. ज्या सिद्धांताला भाचा घाबरत होता तो सातवीतल्या मुलींनी चालून दाखवला.

आपल्या देशातही या शास्त्राचा अभ्यास पूर्वीपासून आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली तमिळ दारातल्या कोलम रांगोळीचे नियम या व्याकरणाने मांडले. ठिपके कसे ठेवायचे, लहान नक्षीतून मोठी कशी वाढते, हे बायकांच्या बोटांत असलेले ज्ञान त्यांनी गणितात आणले. हे सांगितल्यावर अभ्यासिकेतली एक मुलगी फळ्याकडे गेली आणि ठिपके काढून म्हणाली, “हे तर आई रोज करते.” या विषयाचे जगभर वाचले जाणारे पुस्तक हॉपक्रॉफ्ट आणि उलमन यांचे, १९७९ सालचे. २००१ च्या आवृत्तीत जम्मूला जन्मलेले राजीव मोटवानी हे तिसरे लेखक झाले. जाड इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपल्याकडचे नाव दिसले की मुलांच्या मनातली अर्धी भीती जाते.

एक मात्र स्पष्ट सांगतो. मराठीतून समजले म्हणून इंग्रजी आणि चिन्हे सोडून चालत नाही. पेपर त्यातच लिहायचा असतो. म्हणून आम्ही क्रम ठरवला. आधी वस्तू, मग फरशीवरचे चित्र, मग आपल्या शब्दांत वाक्य, आणि शेवटी ती पाच चिन्हे. भाचा रोज रात्री एक सिद्धता इंग्रजीत लिहायचा आणि फोनवर आम्हांला मराठीत समजावून सांगायचा. आम्ही जिथे अडखळू तिथे त्याचे कच्चे आहे असे समजायचे. अज्ञानाचा असाही उपयोग होतो, हे आम्हांला पन्नाशीच्या अलीकडेच कळले, हे नशीब.

उन्हाळ्यात त्याने तो पेपर पुन्हा दिला. गुण फार पडले असे नाही, पण विषय सुटला. निकालाच्या दिवशी त्याने आम्हांला नाही, आधी अक्काला फोन केला. विषय राहिला होता हेही सांगितले आणि सुटला हेही सांगितले. अक्का आम्हांला म्हणाली, “राहिला हुता तर मला का न्हाय सांगितलं? मी काय खाल्लं असतं व्हय त्याला?” तिला ऑटोमॅटा म्हणजे काय ते माहीत नाही. पण पोराने बोलायला सुरुवात केली, हे तिला कळले. शिरवळचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता तो महिन्यातून एका रविवारी साताऱ्याला येतो आणि डिप्लोमा करून आलेल्या मुलांना हा विषय शिकवतो. सुरुवात खडू आणि फरशीपासूनच करतो. परवा एका मुलाने बाराव्या वर्तुळाकडे बोट दाखवून विचारले, “सर, ह्यातनं बाहेर कसं यायचं?” भाचा म्हणाला, “ह्या यंत्रात न्हाय येता येत. पण यंत्र काढणारा तू हायस. वर्तुळ चुकलं असलं तर पुसायचं आणि परत काढायचं.”

वाचकहो, आपल्या घरात, शेजारी, वस्तीत असा एखादा विषय राहिलेला मुलगा किंवा मुलगी असेल. सुट्टीला घरी येत नसेल, ताटावरून उठत असेल. त्याला ‘अभ्यास कर’ एवढेच सांगून सोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, “आम्हांला समजावून सांग.” आपल्याला काही येत नसले तरी चालेल. येत नाही म्हणूनच तो सांगू लागेल.